पदरातलं बी

लोहाऱ्यात बियाण्यांच्या दुकानापुढं मार्चातल्या उन्हात रांग लागली होती. माझ्यापुढं सास्तूरच्या दोन बायका होत्या. तरुण गायत्री आणि तिच्या शेजारच्या पार्वतम्मा.

“गायत्री, परसातल्या शेडनेटात भेंडी टोकलीस म्हणं?”

“टोकली, अक्का. पण घेवडा उगवला.”

“बी बदललं आसंल.”

“न्हाय. जांभळ्या देठाचा हाय. आत्यांचा.”

“तुझ्या सासूचा? ते बी कवाच संपलं की.”

“शेवटचं मूठभर त्यांच्या पदराला बांधलेलं व्हतं. त्यांना पुरताना कुणी गाठ सोडलीच न्हाय.”

“व्हय. म्या व्हते तिथं. मग?”

“भ्याले. समदी रोपं उपटून उकिरड्यावर टाकली.”

“बरं केलंस.”

“सकाळी बघते तर परत वाफ्यात लावलेली. वीत-वीत अंतरावर, आत्या लावायच्या तशी.”

“घरातल्या कुणी लावली आसतील.”

“घरात म्या एकटीच हाय, अक्का. हे पुण्याला असतात.”

“आगं बाई! मग आता दुसरं बी घ्यायला आलीस व्हय?”

“न्हाय, सुतळी घ्यायला. वेल उंच चढवते. आत्यांना वाकून शेंगा तोडायला जमत न्हाय.”