तडा गेलेल्या बाटल्या

(पिंपरीतल्या औषधाच्या कारखान्यात, अर्जुनराव साहेबांच्या खोलीत.)

हिंदुराव : न्हाई अर्जुनराव साहेब, बसत न्हाई. उभ्यानंच सांगतो. सकाळी कामावर आल्या आल्या माझ्या हातनं खोकं पडलं.

अर्जुनराव : कुठलं खोकं?

हिंदुराव : सुईच्या औषधाचं. बाटल्या फुटल्या न्हाईत, पर दोन-चारींना बारीक तडा दिसला. मी गप बांधलं आन् बाकीच्यांत ठिवून दिलं.

अर्जुनराव : आणि आत्ता सांगताय? तड्यातून हवा शिरली की औषध नासतं, हिंदुराव! कुणाच्या तरी लेकराला टोचतील ते!

हिंदुराव : त्येच डोक्यातनं जाईना. गेल्या साली आमची लेक रंभा असल्याच सुयांनी वाचली.

अर्जुनराव : कुठं आहे ते खोकं?

हिंदुराव : ट्रकवर चढलं.

अर्जुनराव : मग उभे काय राहिलात? फाटकाकडं पळा!

(तासाभरानं, त्याच खोलीत.)

अर्जुनराव : सापडलं. साठ खोकी उघडावी लागली. पाच बाटल्यांना तडा होता... हे काय, डबा घेऊन कुठं निघालात?

हिंदुराव : तुमी काढायच्या आधी आपणच गेलेलं बरं. घरी बायकूला, मंजुळेला काय सांगायचं, त्येच सुचंना. पिंपरीत आत्ता कुठं घर लागलं हुतं आमचं.

अर्जुनराव : कुणी काढलं तुम्हाला? मी रोज विचारतो, काही बिघडलं का म्हणून. कुणी तोंड उघडत नाही. असं काय केलंय मी?

हिंदुराव : तुमी काय केलं न्हाई. सोलापूरला एका गिरणीत अठरा वर्सं काढली मी. तितं एका गड्यानं आपणहून सांगितलं, माझ्या हातनं कापड खराब झालं म्हणून. जॉबरनं, म्हंजी आमच्या मुकादमानं, त्येच कापड त्याच्या गळ्यात बांधलं आन् दिवसभर उन्हात उभा केला. आमी येता-जाता बगत हुतो. त्या दिवसापास्नं कुणीच कवा काय सांगितलं न्हाई.

अर्जुनराव : इथं तो जॉबर नाही.

हिंदुराव : खुर्ची हाय न्हवं? तिच्यात आमाला त्योच दिसतो.

अर्जुनराव : मघाशी मीही ओरडलोच.

हिंदुराव : ओरडलात. पर ट्रकापुढं माज्या आदी जाऊन उभं राहिलात.

अर्जुनराव : जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगाल, आज काय झालं ते?

हिंदुराव : इतक्या मान्सांत? जीभ उचलायची न्हाई माझी.

अर्जुनराव : आधी मी बोलतो. खरं सांगायला आलेल्या माणसावर मी ओरडलो, ते चुकलं माझं, असं सांगतो. मग तुम्ही बोला.

हिंदुराव : तुमी? सगळ्यांपुढं?

अर्जुनराव : हो. चला, भोंगा झाला.

हिंदुराव : थांबा साहेब. टोपी नीट घालतो.