रद्दी फारमावरची तोडी

माझं माहेर रेणापूरच्या अंगाला, कोरडवाहू खेडं, आमी बौद्ध, सोताचं शेत न्हाई, दुसऱ्याच्या रानात राबायचं. लगीन झालं आन् दुष्काळ पडला, काय सांगू तुम्हाला, हिरीत उतरून वाटीवाटीनं पानी भरलं आमी. रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सरकारनं वाटलेली सुकडी खाल्ली, आन् एक दिवस मालक म्हनले, मालक म्हंजे माझा नवरा, चल लातूरला, हितं मरन्यापरीस तितं मरू. मेलो न्हाई. तितं एका लिंगायत आप्पांच्या छापखान्यात मला काम लागलं.

आप्पा लई शिस्तीचे. पूजा करून, कपाळाला इभूत लावून यायचे, आन् यंत्र सुरू करायच्या आदी रेकार्ड लावायचे, पक्क्या गान्याची. मला आदी वैताग यायचा, म्हनायची ह्या बाबाचं पोट दुकायलंय का काय. पन रोज पडलं की कान शहाना होतो. मी पडद्याच्या पल्याड मागच्या खोलीत झाडायची, कागद जुळवायची, शिशाची अक्षरं पुसायची, ती पुसता पुसता वाचायला बी शिकले. आन् एका बुवाची तोडी व्हती, सकाळचा राग तो, ती लागली की माझा हात आपोआप हवेत फिरायचा, आवाज खाली गेला की खाली, चढला की वर.

मंग लातूर जिल्हा झाला. लोकांनी पेढे वाटले आन् आप्पानी डोक्याला हात लावला, कारन सरकारी फारमाचे गठ्ठेच्या गठ्ठे छापून ठिवलेले, सगळ्यावर जुन्या जिल्ह्याचं नाव. एका बाजूनं रद्दी, दुसऱ्या बाजूनं कोरं करकरीत. म्या इचारलं, आप्पा, घेऊ का? घे म्हनले, चूल पेटव. म्या चूल न्हाई पेटवली. उरलेली शाई रॉकेलात पातळ केली, बांबूची काडी चेचली, आन् तोडी वाजली तशी काढत गेले. तंबोरा न्हाई, बुवाचं तोंड न्हाई, नुसत्या रेघा, आवाज जाड तितं जाड, पळाला तितं केसावानी बारीक. मालक म्हनले, काय गिचमीड करायलीस? गानं हाय म्हनलं. येड लागलं तुला म्हनले. लागू द्या म्हनलं.

आप्पानी कागद उजेडाला धरून पाह्यला. मंग म्हनले, कौसाबाई, हितून पुढं रोज काढायचं.

पुढं ते बुवा नांदेडला गायला येनार व्हते. आप्पानी माझे कागद तितल्या हॉलच्या भिंतीला लावायला नेले, मला बी नेलं. तितं एक ड्रॉइंगचा मास्तर व्हता, तो म्हने बाई, खाली एक तंबोरा काढा, लोकायला कळंल तरी. न्हाई काढनार म्हनलं. मंग त्यानं कागदाखाली चिठ्ठ्या चिकटवल्या, बुवांची तोडी, भेट अमक्या छापखान्याची. माझं नाव कुटंच न्हाई. त्याला वाटलं झाडनारी बाई, हिला काय वाचता येतंय. म्या इचारलं, मास्तर, माझं नाव? तो म्हने, गानं बुवांचं, कागद छापखान्याचा, तुमचं काय हाय त्यात? म्या ती चिठ्ठी पुन्यांदा वाचली, अक्षर न् अक्षर.

बुवा आले, एकेक कागद पाहत तोडीपाशी थांबले. म्हनले, सुरेख, पण हे तीन वळसे कसले? म्या म्हनलं, तितं तुमी एकच गोष्ट तीनदा म्हनता, मंग एकदम पुढं उडी मारता. बुवा म्हनले, नाही हो बाई, असं मी गायलोच नाही. आन् आप्पाचं तोंड उतरलं, हळूच म्हनले, अगं, रेकार्डला तितं चरा हाय, सुई अडकती, मी उठून बोटानं ढकलेपर्यंत तेच तेच वाजतं. मी पडद्याच्या पल्याड, मला काय दिसनार? इतकी वर्सं मी चऱ्याला गानं समजून बसले. सगळा हॉल हसला. मास्तर तर पांढरा रंग घेऊनच आला, पुसून टाकतो म्हने तेवढं. मला मेल्याहून मेल्यावानी झालं, पन म्या त्याचा हात धरला. पुसायचं न्हाई म्हनलं, हे माझ्या कानानं आइकलंय. बुवा, हे तुमचं न्हाई ना? नाही, म्हनले. मंग मास्तर, काढा त्यांचं नाव, आन् माझं लावा.

कोनीच हसलं न्हाई. बुवानीच ती चिठ्ठी नखानं खरवडली, खिशातला पेन मला दिला, आन् म्या माझ्या हातानं नाव लिवलं. मंग बुवानी तो कागद मागितला. म्या दिला न्हाई. म्हनलं, बिनचऱ्याची रेकार्ड धाडा, दुसरा काढून देते. हसले, आन् खरंच धाडली.

आता आप्पा न्हाईत, मालक न्हाईत, छापखाना बी बंद पडला. नातीच्या जुन्या वह्यात गानं काढायले मी. लोक अजून इचारतात, ह्यात काय हाय? मी म्हनते, घडीभर बस, आइक, कळलं तर कळलं. डोळ्यानं कमी दिसतंय, तरी काढनार. तुमचं भलं होवो बाबा, माझं इतकं आइकून घेतलं. बसा, च्या ठिवते.