ओरडल्याशिवाय न जेवणारं पिल्लू

समारंभाचे अध्यक्ष माननीय नागोरावजी, केळव्याहून आलेल्या आणि ज्यांच्या वाडीत आपलं पहिलं अंडं उबलं त्या हंसाताई, व्यासपीठावरील वनखात्याचे पाहुणे, वाणगाव केंद्रातले माझे सहकारी, उमेदवार आणि पालकहो,

हे भाषण मला लिहून आणावं लागलं. बत्तीस वर्षांत मी कधी कागद धरून बोलले नाही. पण न लिहिता बोलले की माझा आवाज चढतो, आणि आवाज चढला की तिसऱ्या रांगेत आमच्या उमेदवार नवसीच्या मांडीवर बसलेलं अकरा दिवसांचं ड्रॅगनचं पिल्लू तिला सोडून माझ्याकडे यायला निघतं. ते इतक्यात येऊ नये, म्हणून कागद. टाळ्याही बेतानेच वाजवाव्यात. वाळूच्या बादल्या दोन्ही दारांशी आहेत आणि सभागृहाचे पडदे कालच उतरवले आहेत.

अध्यक्षांनी मला ‘मायाळू’ म्हटलं. आभारी आहे. ही माहिती त्यांना कुणी पुरवली, ते नंतर विचारीन.

काही पालक आज पहिल्यांदाच आले आहेत, म्हणून आमची पद्धत सांगते. अंडी भाताच्या तुसाच्या गरम राखेत ठेवतो. प्रत्येक अंड्यापाशी एक उमेदवार एकवीस दिवस बसतो. बोलायचं नाही, साबण नाही, अत्तर तर नाहीच. अक्षयने मागे हसू नये. त्याच्या सेंटने पिल्लू शिंकलं होतं आणि त्याच्या भुवया यायला चार महिने लागले. अंडं फुटलं की पिल्लू समोरच्याच्या हातून पहिला सुका बोंबील खातं. तिथून त्यांची जोड. पुढे दोघं मिळून डोंगरात गवताचे पट्टे आधीच जाळून जाळरेषा काढतात, वणवा अडवतात. तीन दिवसांत कुणाच्याच हातून खाल्लं नाही, तर पिल्लू जगत नाही.

उमेदवाराने बोलायचं नाही, हा नियम माझा. मी मात्र बोलत होते. बत्तीस वर्षं, अंड्यांच्या मधून फेऱ्या मारत. ‘पाठ ताठ.’ ‘जांभई नको.’ ‘कोळसा कोण घालणार, तुमचे आजोबा?’ कवचाच्या आत कुणी ऐकत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं का? नाही. आधीची पिल्लं बहुधा मला घाबरूनच समोरच्याच्या कुशीत शिरली असावीत. हे घाबरलं नाही. नवसीच्या हातातल्या बोंबलाकडे न बघता ते राखेतून चालत आलं आणि माझ्या डाव्या चपलेवर बसलं.

ड्रॅगन साठ वर्षं जगतो. मी अठ्ठावन्नची आहे, आज निवृत्त होते आहे. निवृत्त माणसाला पिल्लू मिळत नाही, आणि तो नियम बरोबर आहे.

नवसी वाणगावच्या पूर्वेला डोंगरातल्या पाड्यावरची. तिने दोन दिवस ‘बाळा, सोन्या’ करून पाहिलं. पिल्लाने तोंड फिरवलं. मी तिला बाहेर बोलावलं.

“मी त्याच्याशी कधी लाडाने बोलले होते का?”

“नाय, बाई.”

“मग ओरड.”

“मला ओरडाया नाय येत.”

“घरी धाकट्या भावंडांना कोण ओरडतं?”

“आय ओरडते. मी मारते.”

“मारायचं नाही. नियम नववा.”

आमच्या स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मैनाबाई बोंबील निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “पोरी, बाईंचंच कर की. हात मागं बांध. चष्मा नसला तरी चष्म्यावरून बघितल्यागत बघ.”

तिसऱ्या दिवशी दुपारी नवसी उठली. हात मागे बांधून फेऱ्या मारू लागली. “पाठ ताठ! खातोस का नाय? तुला काय आवतान धाडू? बोंबील कोण खाणार, तुझा आजोबा?”

पिल्लाने पाठ ताठ केली आणि तिने पुढे धरलेला बोंबील खाल्ला.

मी दाराआड उभी होते. नक्कल हुबेहूब होती. प्रशिक्षिकेची नक्कल करणाऱ्याला दोन दिवस कोळसा फोडायची शिक्षा आहे. ती मी दिली नाही.

परंतु जोड पक्की अशी नोंद करायची, तर पहिला आवाज, म्हणजे माझा, ऐकूनही पिल्लू नवसीकडेच राहायला हवं. अध्यक्षांनी ही अट मान्य केली आहे. चाचणी आज, इथेच. ते माझ्याकडे आलं, तर नवसी परवा आईबापाबरोबर वीटभट्टीच्या टेम्पोत बसेल. टेम्पो ठरलेला आहे. पुढची अंडी चार वर्षांनी, आणि तोवर तिचं वय उलटलेलं असेल.

आता कागद खाली ठेवते.

मिथुन! मोबाइल खिशात! पाठ ताठ! निरोप समारंभ आहे, जत्रा नाही!

…पिल्लाने मान वर केली आहे. खाली उतरलं. कुणी हलू नका. नवसी, हात लावायचा नाही. बोल.

“ए! कुठं चाललास? बाईंचं भाषण चाललंय, दिसत नाय? बस गुमान!”

…

बसलं. तिच्या पायावर.

टाळ्या बेताने म्हटलं होतं मी. बादली आणा. हार विझवा.

कागद परत घेते. पुढचा भाग मी दोन प्रकारे लिहून आणला होता. दुसरा कागद मैनाबाईंनी शेगडीत घालावा.

आपण आलात, आभारी आहे. बत्तीस वर्षांत ज्यांना विनाकारण ओरडले, त्यांनी मला क्षमा करावी. ज्यांना कारणाने ओरडले, त्यांनी सुधारावं. आता सुपूर्द केल्याची नोंद वाचते.

अंडघराच्या किल्ल्या, दोन. लांब चिमटे, चार. शेगड्या, सात, पैकी एक तडकलेली. सुके बोंबील, अर्धा डबा. ड्रॅगनचं पिल्लू, एक, नर, जोड पक्की. घेणार नवसी, देणार मी.

चप्पल, डावी, एक. पिल्लाला तिच्यावर झोपायची सवय आहे. परत करण्याची गरज नाही.