बसा म्हणणारी सून

दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी म्हाताऱ्या जावा बसल्या होत्या.

"मागच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले, जाऊबाई?"

"फार वेळ बसू नका, मधून मधून उठून घरात फिरा."

"मग फिरता ना?"

"उठले की सून धावत येते. 'आई, तुम्ही बसा, मी देते.' पाणीसुद्धा हातात आणून देते गं."

"नशीब काढलंत. जन्मभर ओट्यापाशी उभ्या होतात."

"तेव्हा बसायला मिळत नव्हतं."

"तिला स्पष्ट सांगा की."

"सांगितलं. परवा भाजी चिरायला उभी राहिले, तर रडायलाच लागली. म्हणाली, लोक म्हणतील सासूला राबवते."

"मग?"

"मग काय, बसले."

"चला, आपला नंबर आला."

"थांब, जरा हात दे. आता एकटीला उठवत नाही."