पट्ट्यांखालची वजनं

ताई : इलेक्ट्रिक पियानो पडलाय तर आतून बघून देतो म्हणालास. हे बघणं होय?

भाऊ : विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. आधी उचल तर. काखेत मारून नेशील. भुशाच्या जाड फळ्या काढल्या, पाय काढले, पोटातले भोंगे काढले. अ‍ॅल्युमिनियमची चौकट केली. आवाजाला तुझ्या त्या दवाखान्यातल्या वॉर्डात स्पीकर आहेच.

ताई : हलका झालाय खरा.

भाऊ : मग! दुसरं माणूस लागत नाही आता. एकटी जा, एकटी ये. मेट्रनबाईंना दाखव. म्हणावं, आता बोला.

ताई : त्या बोलल्यात आधीच. "बाई, तुम्हाला झेपत नाही, पुरे करा आता." चौकीदारासमोर. जिन्यात पियानो पडला तो त्याच्या पायावर, अंगठा अजून सुजलेला आहे. इतक्या वर्षांत तिथं वाजवायचा माझा एक शनिवार चुकला नव्हता रे.

भाऊ : म्हणून तर केलं ना. वाजवून बघ.

(ती एक पट्टी दाबते. मग तीच पुन्हा, आणखी हळू.)

ताई : हळू वाजत नाहीये.

भाऊ : ते गोल बटण फिरव की.

ताई : बटणाचं नाही. बोट कितीही अलगद ठेवलं तरी पट्टी धपकन बसते. खाली काही आधारच नाही. काय काढलंस?

भाऊ : प्रत्येक पट्टीखाली लोखंडाचा एक तुकडा होता. नुसता भार, खऱ्या पियानोची नक्कल. म्हटलं, नकलेला कशाला वाहायचं? तिथं बारक्या स्प्रिंगा घातल्या.

ताई : त्या भारावरच माझं बोट टेकतं. तिथं माणसं गुंगीत पडलेली असतात, शेवटच्या दिवसांतली. त्यांच्या उशाशी हा ठणठणाट नेऊ?

भाऊ : तुकडे आहेत सगळे. बिस्किटांच्या डब्यात.

ताई : मग बसव परत. तुझ्या हाताला कितीसा वेळ लागतो?

भाऊ : बघू. दुकानात कामं पडलीत.

ताई : दुकानाची किल्ली कधीची खुंटीला लटकतेय. इकडे ये. हा स्क्रू बघ. आणि हा. खाचा उंदरानं कुरतडल्यासारख्या झाल्यात. दुसऱ्या घड्याळजीनं उघडलेलं घड्याळ आलं आणि आत असे स्क्रू दिसले, की तू म्हणायचास, याच्या हातात कुदळ द्या. हे कुणी केलं?

भाऊ : स्क्रूच मऊ होते.

ताई : हात पुढे कर.

भाऊ : राहू दे ना, ताई.

ताई : कर म्हणते ना.

भाऊ : घे. बघितलास? घड्याळजीचा स्वतःचाच काटा थरथरतोय. हस आता.

ताई : कधीपासून?

भाऊ : उन्हाळ्यापासून. गिऱ्हाईकाचं घड्याळ उघडतो, चाक उडतं, आणि मी टेबलाखाली रांगत बसतो. हल्ली तर नुसते पट्टे बदलून देत होतो. जिन्यातही तेच झालं. वळणावर बोटं आपोआप उघडली. आणि तोंडातून गेलं, ताईनं सोडला. ठरवून नाही गं. पण नंतर खोडूनही काढलं नाही. तू त्या चौकीदारापुढे हात जोडून उभी होतीस आणि मी छताकडे बघत होतो.

ताई : मला माहीत होतं.

भाऊ : काय माहीत होतं?

ताई : माझी बाजू माझ्या हातात होती. तुझी सुटली, ते मला कळणार नाही?

भाऊ : मग बोलली का नाहीस?

ताई : वाटलं, संध्याकाळी येशील सांगायला. मग म्हटलं, उद्या येईल. आलास तो स्क्रूड्रायव्हर घेऊन.

भाऊ : तोंड दाखवायची लाज वाटत होती. म्हटलं, पियानोच हलका केला की तुला माझी गरज उरणार नाही. मग माझ्या हाताकडे बघतंय कोण?

ताई : डबा कुठाय? स्क्रू मी फिरवते. तू शेजारी बसून सांग, कुठला तुकडा कुठे जायचा. फळ्या आणि भोंगे राहू देत बाहेर. तेवढं चांगलं केलंस.

भाऊ : वजनं परत घातली तर तुला एकटीला जिना नाही झेपायचा.

ताई : एकटी जाणार हे कुणी ठरवलं? वळणावर टेकवू जरा. "थांब" म्हणायला तोंड आहे ना तुला?

भाऊ : आहे. डबा कपाटाखाली आहे, काढून ठेव. मी आलोच जाऊन.

ताई : आता कुठे?

भाऊ : मेट्रनबाईंकडे. चौकीदार भेटला तर त्याच्याकडेही.

ताई : थांब, चप्पल घालते.

भाऊ : नको. तू असलीस की माझ्या वतीनं तूच बोलशील.

ताई : बरं. जिना सावकाश उतर. कठडा धरून.