आकडा ब्याण्णवचा

माह्या चहात साखर नको. हसू नका, आधी ऐका.

वजन उतरवाले सावंगीच्या डॉक्टरनं साखर-तूप बंद केलं अन् सांगतलं होतं, "दम धरा, महिनाभर काट्यावर चढूच नका." पण किराणा दुकान आपलं, गहू मोजाचा मोठा काटा आपला, मंग दम कोणाले? रोज शटर उघडलं का मी काट्यावर. आठ दिवस झाले, आकडा ब्याण्णववरून हालेना.

पहिला संशय बायकोवर. म्हटलं, "पोळीले चोरून तूप लावून राह्यली का?"

तिनं पोळी समोर आदळली. "हुंगून पाहा."

हुंगली. कोरडी ठण्ण होती. मंग उरला काटाच.

नवव्या दिवशी खाली उतरलो आन् काट्याले लाथच हाणली. "हा काटा खोटा आहे! तीन किलो जास्त दाखवते!"

मांगं गव्हाले आलेल्या शांताबाई उभ्या. "जास्त दाखवते? म्हणजे सेठ, इतके दिवस आमाले गहू कमी देऊन राह्यले का?"

पायरीवरच्या चार गिऱ्हाइकाईनंही माना वळवल्या. मी गपकन परत काट्यावर चढलो. "नाई वो बाई, काटा एकदम खरा आहे. मीच जाड आहे."

शांताबाईनं वाकून आकडा पाह्यला. "ब्याण्णव. ध्यानात ठेवीन. उद्या यानं एकदम नव्वद दाखवलं, तर समजीन का तुमी काट्याले हात लावला."

आता त्या रोज येतात. अन् मी रोज देवाले म्हणतो, उतरव बाप्पा, पण हळू.