पाडून उचलणाऱ्याचा फेटा

टाळ जरा थांबू द्या. मृदंगबुवा, तुम्हीही हात पुसा. मंडळी, एक सवाल टाकतो आणि मग पुढं जाऊ. माणूस माणसाला हात देतो — कशासाठी देतो? पडलेल्याला उचलतो, ते पडलेल्यासाठी, की बघणाऱ्यासाठी?

लगेच माना डोलवू नका! पहिल्या रांगेतले आजोबा तर "पुण्यासाठी" म्हणून मोकळेसुद्धा झाले. आजोबा, मग ते वरून बघणाऱ्यासाठीच झालं की!

आज पुराणातलं काही सांगत नाही. आजचं आख्यान मोबाईलमधलं आहे. हां — मागची तरणी मंडळी आता सावरून बसली बघा. मघापासून सगळी खाली मान घालून होती. मला वाटलं, ध्यान लागलंय.

तर ऐका. तो बंदुकांचा खेळ, तुमच्या घरात चालतो तोच. चार जणांची टीम, समोर दुसरे चार. कानात हेडफोन. ज्याला जे दिसेल ते त्यानं बाकीच्यांना सांगायचं — डावीकडं एक आहे, भिंतीमागं दोन आहेत. गोळी लागली की माणूस लगेच मरत नाही. गुडघ्यावर येतो, रांगायला लागतो. त्याला म्हणतात नॉक. सोबत्यानं त्याच्याजवळ बसून दहा सेकंद काढले की पडलेला पुन्हा उभा! त्याला म्हणतात रिव्हाइव्ह. कुणी आलंच नाही, तर राम म्हणायचं. मी खेळून पाहिलाय. पहिल्या मिनिटाला पडलो, आणि भाचा मला ओलांडून पुढं गेला. सख्खा भाचा, मंडळी! बहिणीला अजून सांगितलेलं नाही.

खडकवेल नावाचं गाव. तिथल्या जत्रेत पूर्वी कुस्त्या व्हायच्या. आता मल्ल मिळेनात. मग जत्रा कमिटीचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर तात्यासाहेब वाघचौरे, यांनी मंगल कार्यालयात या खेळाची स्पर्धा लावली. आसपासच्या गावांच्या टीम आल्या. आणि ठरलं असं, की आपल्या गावच्या टीममधला जो सगळ्यात जास्त शत्रू मारील त्याला मानाचा फेटा. फेटा बांधून त्यानं दुसऱ्या दिवशी पालखीपुढं चालायचं.

काय झालं असेल? चौघे चार दिशेला पळाले! एक बिचारा रांगतोय, ओरडतोय, "रिव्हाइव्ह दे रे, रिव्हाइव्ह दे." दुसरा म्हणतो, "दम धर, माझे दोन राहिलेत मारायचे." पहिल्याच फेरीत खडकवेल घरी. भावकीची वाटणी परवडली, असा गोंधळ.

तात्यासाहेबांनी पस्तीस वर्षं पोरं वळवली होती. ते म्हणाले, "पोरं वाईट नाहीत. आपणच मान भलत्या गोष्टीला दिला." दुसऱ्या वर्षी त्यांनी जाहीर केलं — जो सगळ्यात जास्त साथीदारांना उचलील, त्याला फेटा. गावानं टाळ्या वाजवल्या. शहाणपणाचा निर्णय, नाही का? तुम्हीही वाजवल्या असत्या. मीही वाजवल्या असत्या. तेवढ्यासाठीच तर हे आख्यान.

त्या टीममध्ये होता दिगंबर उंडे. एसटी स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान, वय सव्वीस, हात स्थिर. गाव त्याला दिगू म्हणायचं. त्याचे वडील किसन उंडे हे पालखीपुढचे दिवटीवाले. आजा दिवटीवाला, पणजाही दिवटीवाला. तीन पिढ्या मनगटावर तेल गळतंय, चटके बसतायत, उजेड यांचा आणि फोटो मागच्या फेटेवाल्यांचे. गावात नऊ घराण्यांना फेट्याचा मान. उंड्यांना नाही. किसनराव भर जत्रेत बोडक्या डोक्यानं चालायचे.

दिगूला ते लागायचं. इथं हसू नका, मंडळी. बापाचं उघडं डोकं बघून पोराच्या पोटात जे तुटतं ते खरं असतं. त्यानं ठरवलं, फेटा जिंकायचा आणि आबांच्या डोक्यावर बांधायचा. हेतू किती चांगला! सगळे हेतू चांगलेच असतात. वाईट हेतूचा माणूस मला अजून भेटायचाय.

पहिली मॅच झाली. चौघे असे जमून खेळले, की एकही पडला नाही. बाकीचे तिघे — ट्रॅक्टर चालवणारा अस्लम, कृषी सेवा केंद्रातली मनीषा आणि दिगूचा शाळेपासूनचा दोस्त निवृत्ती शेलार — नाचायला लागले. दिगू मात्र तोंड पाडून बसला. कारण? जिंकलो, पण कुणी पडलंच नाही! साथ आली नाही म्हणून हळहळणारा डॉक्टर पाहिलाय कधी? तसा.

दुसऱ्या मॅचमध्ये निवृत्तीनं तिघांना उचललं. दिगूच्या नावावर भोपळा. आता फेटा चालला शेलारांच्या घरी, आणि शेलारांकडं आधीच एक मान आहे! तेवढ्यात दिगूला दिसलं, की अस्लमच्या पाठीमागं एक जण बंदूक रोखून येतोय. "अस्लम, मागं बघ" — तीन शब्द, जास्त नाहीत. तोंड उघडलं. उघडलं आणि मिटलं.

धाड! अस्लम गुडघ्यावर. दिगू धावला, शत्रूला टिपलं, अस्लमजवळ बसला, दहा सेकंदांत उभा केला. मंगल कार्यालयात टाळ्या! तात्यासाहेब माईकवरून म्हणाले, "याला म्हणतात सेवाभाव."

आता सांगा, असं कौतुक झाल्यावर माणूस सुधारेल का बिघडेल? पहिल्यांदा चुकून झालं. मग चुकीची गोडी लागली. पुढच्या तीन मॅचमध्ये दिगूला शत्रू सगळ्यांच्या आधी दिसायचा आणि आवाज सगळ्यांच्या नंतर फुटायचा. मनीषा एकदा म्हणाली, "दिगू सोबत असला की आपण लई पडतो."

अस्लम म्हणाला, "असं नको बोलूस. तो आहे म्हणून तर उठतो!"

वा रे अस्लम! असली माणसं आहेत म्हणून तर आमदारकीला उभं राहता येतं. निवृत्ती मात्र हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत बसला होता.

फायनल आली, तीन फेऱ्यांची. समोर माळेवेढ्याची टीम. त्या दिवशी कमिटीनं स्टेजच्या मागं भला मोठा पडदा लावला. पडद्याचे चार चौकोन. कोणाच्या मोबाईलवर काय दिसतंय, ते ज्याच्या त्याच्या नावाखाली सगळ्या गावाला दिसणार. खेळणाऱ्यांची तोंडं लोकांकडं आणि पाठ पडद्याकडं. फेट्याच्या नादात दिगूनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आणि त्या दिवशी पहिल्यांदाच किसनराव खेळ बघायला आले. तिसऱ्या रांगेत बसले. शेजारच्याला विचारून घेतलं — आमचा चौकोन कंचा? शेजाऱ्यानं बोट दाखवलं. म्हातारा त्या चौकोनाला डोळा लावून बसला.

खेळ सुरू झाला. हेडफोनमध्ये निवृत्तीनं विचारलं, "दिग्या, मी पुढं निघालोय. उजवीकडं कुणी आहे का?"

उजवीकडं होता. खिडकीत. दिगूच्या चौकोनात तो लख्ख दिसत होता. एक सेकंद गेला. दोन गेले. तीन.

"मोकळं आहे," दिगू म्हणाला.

निवृत्ती पडला. दिगूनं त्याला उचललं. टाळ्या वाजवायला हात वर झाले, मंडळी, आणि वरच राहिले. सगळ्या गावानं ती खिडकी पाहिली होती. दिगूला वाटलं, लोक श्वास रोखून बघतायत. पहिली फेरी खडकवेलनं जिंकली, आणि त्याला हुरूपच आला! पुढच्या फेरीत त्यानं मनीषाला तसंच पडू दिलं. पण तिच्याजवळ बसला असताना माळेवेढेकरांनी दोघांना गाठलं, आणि ती फेरी गेली.

शेवटची फेरी. एक-एक बरोबरी. अस्लम आणि मनीषा बाद झालेले. आणि या वेळी दिगू स्वतःच पडला. उघड्यावर, मैदानात, रांगतोय. आसपास आडोसा नाही. त्याला उचलायला येणारा मरणारच, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. निवृत्ती लपून राहिला असता तर एकट्याला जिंकायची थोडी आशा होती. आणि निवृत्तीचे रिव्हाइव्ह होते पाच, दिगूचे चौदा. एकानं काय फरक पडणार? फेटा मिळणार नव्हताच.

निवृत्ती आला. जवळ बसला. नवव्या सेकंदाला गोळ्या लागायला लागल्या, पण दहा पुरे झाले. दिगू उभा राहिला आणि निवृत्ती कायमचा आडवा झाला. पुढं दिगू एकटा किती टिकणार? अर्ध्या मिनिटात खडकवेल हरलं.

तात्यासाहेब नियमाचे पक्के. चेहरा पडला होता, तरी त्यांनी नाव वाचलं. "सर्वाधिक साथीदारांना उचलल्याबद्दल मानाचा फेटा — दिगंबर किसन उंडे." एक टाळी वाजली नाही. दिगूनं तेव्हा वळून पडदा पाहिला. चार चौकोन, आणि त्याच्या नावाखाली ती खिडकी पुन्हा पुन्हा दाखवत होते.

तरी त्यानं फेटा घेतला. ज्याच्यासाठी एवढं केलं, ते टाकून कसं जाणार? खाली उतरून तिसऱ्या रांगेत गेला आणि म्हणाला, "आबा, तुमच्यासाठी आणलाय."

किसनरावांनी डोकं मागं घेतलं.

"दिगू, खिडकीतला माणूस तुला दिसत व्हता ना?"

दिगूनं नजर हातातल्या फेट्यावर नेली.

"मला खेळ कळत न्हाई बाबा. पर पालखीपुढं चालताना खड्डा दिसला की मी बोंबलतो. मागचे पडल्यावर त्यांना उचलाया मी दिवटी धरत न्हाई." एवढं बोलून म्हातारा उठला आणि बोडक्यानंच चालू लागला. दिगू तसाच उभा, हातात फेट्याचं रेशमी कापड.

बाहेर निवृत्ती गाडीला किक मारत होता. दिगूनं त्याला गाठलं. "तुला ठाऊक होतं?"

"दुसऱ्या मॅचपासनं."

"मग आज मला उचलायला का आलास? तुला काय मिळणार होतं?"

निवृत्तीला प्रश्नच कळला नाही. "आरं, पडला होतास की," तो म्हणाला आणि गेला.

मंडळी, त्याला फेटा नव्हता, टाळी नव्हती. एवढंच उत्तर होतं. मी शास्त्रं धुंडाळली, मला याहून मोठं उत्तर सापडलेलं नाही. दिगूला आता फार हसू नका, कारण तुम्हाला मी ओळखतो! शेजाऱ्याचं पोर वाईट संगतीला लागलेलं तुम्हाला सहा महिने दिसतं. तोंड मिटून असता. मग एक दिवस ते दवाखान्यात जातं, आणि बिस्किटाचा पुडा घेऊन पहिले कोण हजर? आपणच!

लांबचं कशाला? या मंडपाच्या दारात गटारावरची फरशी फुटलीय. सप्त्याचा आज पाचवा दिवस. तुम्ही सगळे ती रोज ओलांडून आत येता. मीही येतो, मलाही धरा त्यात. काल त्याच फरशीत रखमाबाई पडल्या. त्यांना उचलायला पंधरा जण धावले. फोटो मला तिघांनी पाठवला, फार छान आलाय. रखमाबाईंचा पाय प्लास्टरमध्ये आहे, आणि फरशी आत्ता या घडीलाही तशीच आहे.

आरतीला उठू नका. आधी दोघे-चौघे बाहेर जा. मी इथं उभा आहे, देवही कुठं जात नाही. आणि मोबाईल इथंच ठेवून जा.